सणासुदीला हे कशाला?

हा प्रश्न २०१९ सालच्या दिवाळीत मला पाच माणसांनी विचारला. आधी आमच्या मेहुण्यांनी, मग त्यांच्या सौभाग्यवतींनी, मग त्यांच्या शेजारच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांनी, मग रिक्षावाल्याने आणि घरी परतल्यावर आमच्याच इमारतीतल्या एका स्नेह्यांनी. पुढ्यात चकल्या-अनारशांचे ताट असताना यजमानाशी वाद घालणे शिष्टाचाराला सोडून, म्हणून तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. ती माझी चूक झाली. प्रश्न दिवाळीतला होता. तेव्हा उत्तरही दिवाळी अंकातच देणे बरे.

हकीकत अशी. भाऊबीजेला आम्ही भोपाळला गेलो होतो. मेहुणे नोकरीच्या निमित्ताने १९९० च्या सुमारास तिकडे गेले आणि तिथलेच झाले. त्यांनी चार दिवसांचा कार्यक्रम आखून ठेवला होता : मोठा तलाव, वनविहार, सांची, भोजपूर, भीमबेटका. भीमबेटक्याच्या गुहाचित्रांचा शोध वाकणकरांनी १९५७ साली लावला, त्यामुळे तिथे गेल्यावर मराठी माणसाची छाती आपोआप दोन बोटे पुढे येते. आमचीही आली. सगळे पाहिले, सगळे आवडले. पाचव्या दिवशी सकाळी मी म्हणालो, "आज गॅसकांडाचे संग्रहालय पाहू."

जेवणाच्या पंगतीत कुणी अभद्र बोलावे तसे सगळे गप्प झाले. "इतकी वर्षं इथे राहतो, मी कधी गेलो नाही," मेहुणे म्हणाले. "सणासुदीला हे कशाला, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या, "मुलं घाबरतील हो!"

मुले म्हणजे आमची कन्या, तेव्हा तेरा वर्षांची, आणि मेहुण्यांचा चिरंजीव, दहावीतला. हा मुलगा भोपाळात जन्मला, भोपाळात वाढला. ३ डिसेंबर ही तारीख त्याला पक्की ठाऊक होती, कारण त्या दिवशी शहरात सुट्टी असते. सुट्टी कशाची, एवढे विचारल्यावर "गॅसची" म्हणाला. पुढे त्याला काही सांगता येईना. दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने रानात कोणती जनावरे मारली, हे पाहायला आपण मुलांना गाडी करून नेतो. आणि पस्तीस वर्षांपूर्वी याच शहरात माणसांची काय गत झाली, हे मात्र मुलांच्या कानावर पडू देत नाही! याला संस्कार म्हणायचे असतील तर म्हणावे.

असो. आम्ही चौघे निघालो. रिक्षावाल्याला "संग्रहालय" म्हटले तर तो मानव संग्रहालयाच्या रस्त्याला लागला. "कारबाइड" हा शब्द ऐकल्यावर त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "त्योहार में वहाँ क्या देखेंगे, साहब?" म्हणजे तोच प्रश्न, फक्त हिंदीत.

करोंदच्या बाजूला हाउसिंग बोर्डाची वसाहत आहे. तिथे एका साध्या घरात हे संग्रहालय २०१४ च्या डिसेंबरात, त्या रात्रीला तीस वर्षे पुरी होताना उघडले. घुमट नाही, संगमरवर नाही, कारंजे नाही. वाचलेल्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ते उभे केले. आणि सरकारचा पैसा घ्यायचा नाही, कंपन्यांचाही घ्यायचा नाही, असे ठरवून उभे केले. कुणी म्हणेल हा हटवादीपणा झाला. मला तो साधा व्यवहार वाटला. ज्याच्यावर फिर्याद आहे त्याच्याच घरी साक्षीदाराने जेवायला जायचे असते काय?

आत गेलेल्या माणसांच्या वापरातल्या वस्तू आहेत, लहान मुलांचे कपडे आहेत, छायाचित्रे आहेत. पण मुख्य गोष्ट म्हणजे भिंतींवर लावलेले टेलिफोनचे रिसीव्हर. रिसीव्हर कानाला लावला की त्या रात्रीतून वाचलेले माणूस आपल्याशी बोलू लागते. हिंदी घरगुती, स्वर शांत. यात रडारड नाही. उलट पाणी भरायला उशीर झाला हे सांगावे तितक्या सरळपणे ती माणसे सांगतात. आमच्या कन्येने एक रिसीव्हर लावला, ऐकता ऐकता माझ्या बाहीला धरले आणि हळूच विचारले, "बाबा, या बाई खऱ्याच बोलतायत ना? नाटकातल्या नाहीत?"

वाचलेल्या कुणाचीही कहाणी ऐका, सुरुवात बहुधा एकच : मध्यरात्री ठसक्याने जाग आली, वाटले, कुणीतरी मिरच्या जाळतो आहे. वाचकहो, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? पोराची दृष्ट काढून आई मीठ-मिरच्या विस्तवात टाकते. ठसका लागला नाही तर "बघा, केवढी दृष्ट होती" म्हणते. फोडणी करपली तर सारे घर खोकते, खिडक्या उघडतात, दोन मिनिटांत निवते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या लोकांनीही तसेच केले. दार उघडून बाहेर पाहिले. बाहेर पांढरा ढग होता.

मग ते पळाले. कुणी कुणाचे बोट धरले, कुणाचे सुटले. ढग वाऱ्याबरोबर चालला होता आणि पुष्कळ माणसे त्याच्याच बरोबर पळत होती. पळणारा मोठाले श्वास घेतो. त्याच्या छातीत तो वायू अधिकच गेला. पुढे जाणकारांनी लिहिले आहे की पळण्याऐवजी फडके ओले करून नाकातोंडावर धरले असते, वाऱ्याच्या दिशेने न जाता आडवे गेले असते, तर कित्येकांचा त्रास कमी झाला असता, कित्येक वाचलेही असते. ओले फडके! भोपाळच्या झोपडीझोपडीत फडके होते आणि मडक्यात पाणी होते. जे नव्हते ते एक वाक्य. ते वाक्य त्यांना सांगण्याचे काम ज्यांचे होते त्यांनी ते पंधरा वर्षांत एकदाही सांगितले नव्हते.

ही माणसे कोण होती? वाचकांपैकी ज्यांचे केस पांढरे झाले असतील त्यांनी घरातली जुनी विजेरी आठवावी. तिच्यात जे सेल घालत ते एव्हरेडीचे. त्यांच्यावरचे मांजर आणि नवाचा आकडा आम्हां पोरांना पाठ. ते सेल बनवणारी कंपनी युनियन कारबाइड. नाव घरोघरचे, म्हणून विश्वासाचे. हिच्या भारतीय शाखेत निम्म्याहून जरा अधिक भाग अमेरिकन कंपनीचे. भोपाळात हिने १९६९ साली कीटकनाशकाचा कारखाना काढला आणि १९८० पासून त्याला लागणारे मिथाइल आयसोसायनेट तिथेच बनवू लागली. हा द्रव ३९ अंशांना उकळतो. भोपाळच्या उन्हाळ्याचा पारा याच्या पुढे जातो. म्हणून तो शून्याच्या आसपास थंड ठेवायचा असतो. थंड ठेवणारे यंत्र १९८४ च्या जूनमध्ये बंद केले गेले. निसटलेला वायू धुऊन निरुपद्रवी करणारा मनोरा त्या रात्री कामाला तयार नव्हता. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. पाण्याचे फवारे होते, पण वायू जिथून सुटला त्या उंचीवर ते पोचत नव्हते. ६१० क्रमांकाच्या टाकीत चाळीस टनांच्या आसपास द्रव होता. त्यात पाणी शिरले. लोकांसाठीचा भोंगा वाजवला आणि थोड्याच वेळात बंदही केला. हमीदिया रुग्णालयात माणसांची रीघ लागली तेव्हा डॉक्टरांना कुठला वायू, त्यावर उपचार काय, याचा पत्ता नव्हता. आणि कंपनीच्या डॉक्टरांकडून उत्तर आले ते हे की अश्रुधुरासारखाच काहीसा प्रकार आहे, पाण्याने डोळे धुवा.

बरे, हे कुणाला आधी ठाऊक नव्हते असेही नाही. १९८१ च्या डिसेंबरात याच कारखान्यात विषारी वायूने एक कामगार गेला होता. १९८२ साली राजकुमार केसवानी नावाच्या तरुण पत्रकाराने आपल्या 'रपट' या लहानशा साप्ताहिकात एकामागून एक लेख लिहून शहराला सावध केले. १९८४ च्या जूनमध्ये 'जनसत्ता'त पुन्हा लिहिले. लहान पत्राच्या संपादकाचे कोण ऐकतो! विधानसभेत प्रश्न निघाला तेव्हा राज्याच्या मजूरमंत्र्यांनी सांगितले की कारखान्यात कोट्यवधींचे भांडवल गुंतले आहे. उचलून दुसरीकडे ठेवायला तो काही धोंडा नव्हे. दोन वर्षांनी तोच धोंडा शहराच्या छातीवर पडला.

आणि याला आपण म्हणतो दुर्घटना. वर्तमानपत्रे म्हणतात, पाठ्यपुस्तके म्हणतात, ३ डिसेंबरला हार घालणारे पुढारीही म्हणतात. वीज पडली तर दुर्घटना. दरड कोसळली तर, अगदी डोंगर पोखरलेला नसेल तर, दुर्घटना. पैसे वाचवण्यासाठी एकेक कुलूप काढून ठेवायचे आणि मग चोरी झाली की दैवाला दोष द्यायचा, याला मराठीत दुसरे शब्द आहेत. ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत, म्हणून थांबतो.

त्या घरातून बाहेर पडताना मला जाणवले ते हे, की तिथली माणसे आपल्याला रडायला बोलावत नाहीत. कारखान्याच्या भिंतीसमोर मायलेकरांचा एक पुतळा आहे. रूथ वॉटरमन या डच बाईंनी तो १९८५ साली घडवला. त्याच्यापुढे माणूस हात जोडतो, डोळे पुसतो आणि मोकळा होतो. रिसीव्हर कानाला लावलेल्या माणसाला असे मोकळे होता येत नाही. पलीकडचे माणूस विचारत असते : कोणी केले, कसे केले, मग काय झाले?

मग काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगायला गेलो तर अंक पुरणार नाही. कंपनीचे अमेरिकन अध्यक्ष ७ डिसेंबर १९८४ ला भोपाळला आले, अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला आणि ते गेले ते गेलेच. २०१४ साली आपल्या देशात वारले. १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. ती करताना मृत तीन हजारांच्या घरात धरले होते. पुढे भरपाईसाठी सरकारनेच मान्य केलेले मृत्यू पाच हजारांवर गेले आणि बाधितांची संख्या साडेपाच लाखांच्या पलीकडे. पीडितांच्या संघटना मृतांचा आकडा याच्या कितीतरी पट सांगतात. माणसे वाढली, रक्कम तेवढीच राहिली. बहुतेकांच्या हाती आधी पंचवीस हजार रुपये पडले आणि त्यासाठीसुद्धा वर्षानुवर्षे रांगेत उभे राहावे लागले. ७ जून २०१० ला, म्हणजे साडेपंचवीस वर्षांनी, हयात असलेल्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची सजा झाली; जामीन त्याच दिवशी. वाढीव भरपाईचा सरकारचा अर्ज २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. कारखान्यात पडून राहिलेले ३३७ टन विषारी अवशेष हलवायला २०२५ साल उजाडावे लागले. ते पीथमपूरला नेऊन जाळले, तर तिथले लोक रस्त्यावर आले. का येणार नाहीत?

आता त्या सेवानिवृत्त शेजाऱ्यांविषयी. संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा ते मेहुण्यांकडे बसले होते. कुठे गेलो होतो हे कळल्यावर तोच प्रश्न त्यांनी विचारला, पण स्वर निराळा होता. म्हणाले, "मी त्या रात्री जुन्या शहरात होतो. घरातली दोन माणसे गेली. विसरायला मला इतकी वर्षं लागली. तुम्ही बाहेरून येता, बघता, निघून जाता. कशाला उकरता?"

याला मात्र माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्यांच्यासाठी आजही नाही. ज्याची माणसे गेली त्याने विसरायचे म्हटले तर त्याला आठवण करून देणारा मी कोण? तो हक्क त्यांचा आहे. पण मौज अशी की हा हक्क ज्यांचे केसही वाकडे झाले नाही तेच अधिक वापरतात! "जुन्या जखमा कशाला", हे म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जणांच्या अंगावर जखमच नसते. त्यांना विसरायचे काही नसते. त्यांना फक्त ऐकायचे नसते. आमचे मेहुणे सज्जन आहेत, पण त्या दिवशी ते या नवांत बसले. आणि पाच वर्षे या संग्रहालयाची नुसती बातमी वाचत राहिलेला मी दहावा नव्हतो, हेही कबूल केले पाहिजे.

दुसरी एक जात आहे, ती भव्य स्मारकवाल्यांची. यांना त्या लहान घराची लाज वाटते. राष्ट्रीय आपत्तीला राष्ट्रीय स्मारक पाहिजे, एकरांनी बाग पाहिजे. मध्य प्रदेश सरकारने २००५ साली कारखान्याच्या जागेवरील स्मारकासाठी वास्तुकारांची स्पर्धाही घेतली, दिल्लीच्या वास्तुकारांचा आराखडा पसंत झाला. आम्ही गेलो तोवर, चौदा वर्षांनी, तिथे झुडपे होती आणि गंजके सांगाडे होते. माझा बागेला विरोध नाही. पण आधी तिथल्या जमिनीतले विष काढा, आसपासच्या वस्त्यांच्या विहिरी-बोअरिंगांतले पाणी बिघडले त्याचे बघा, आणि स्मारकाच्या पाटीवर करणाऱ्याचे नाव घाला. सरकारी पाट्यांना करणारा लपवण्याचा फार सोस. "वायू सुटला", "माणसे मृत्युमुखी पडली". सोडणारा कोण? त्या छोट्या घरात नावे घेतलेली आहेत. घर छोटे राहिले याचे कारणही कदाचित तेच असेल.

त्या घराबाहेरची एक चांगली गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वहिनींचे म्हणणे खरे ठरेल की मुलांना नुसते घाबरवून आणले. त्या रात्री भोपाळ स्टेशनावर गुलाम दस्तगीर हे उपस्टेशन अधीक्षक कामावर होते. घसा जळत असताना त्यांनी फलाटावरची गाडी वेळेआधी सोडली, गाड्या शहरापासून दूर थोपवायला आजूबाजूच्या स्टेशनांना कळवले आणि सकाळपर्यंत जागा सोडली नाही. पुढे आजारपण त्यांच्या मागे लागले ते २००३ साली मृत्यूपर्यंत. मी हे मुलांना रिक्षात सांगितले. मेहुण्यांच्या चिरंजीवाने विचारले, "काका, त्यांना वायूबद्दल कुणी सांगितलं होतं?" कुणीच नाही. "मग त्यांना कसं कळलं?" त्यांनी माणसे पडताना पाहिली आणि वाट पाहत बसले नाहीत, एवढेच.

मुले घाबरली का? आमची कन्या त्या रात्री लवकर झोपली नाही, हे खरे. परतीच्या गाडीत कल्याण जवळ आल्यावर तिने मला विचारले, "बाबा, आपल्या मागच्या कारखान्यात काय बनतं?"

आम्ही डोंबिवलीचे. औद्योगिक वसाहत आमच्या इमारतीपासून चालत वीस मिनिटांवर. २६ मे २०१६ ला तिथल्या एका कारखान्यात स्फोट झाला तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातली तावदाने ओट्यावर येऊन पडली होती. त्या दिवशी सारी इमारत जिन्यात जमली आणि एकमेकांना विचारू लागली : खिडक्या उघड्या ठेवायच्या की लावायच्या? खाली जायचे की गच्चीवर? वकील होते, इंजिनिअर होते, एक निवृत्त मुख्याध्यापक होते. उत्तर एकालाही ठाऊक नव्हते. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याच्या कारखान्याने आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती द्यावी, असे त्यात घातले गेले. ते कलम भोपाळच्या माणसांनी जीव देऊन मिळवलेले. आमच्या जिन्यात ते कुणी ऐकले नव्हते. मी मुलीला "माहीत नाही" म्हणालो. मोठ्यांच्या तोंडून ती ते फारसे ऐकत नाही. तिला आश्चर्य वाटले.

घरी आल्यावर मी सोसायटीच्या सभेत विषय मांडला की शेजारच्या कारखान्यांत काय साठवतात याची लेखी विचारणा सगळ्यांच्या सह्यांनी करू. तिथे पाचव्यांदा तो प्रश्न आला. सभा दिवाळी स्नेहभोजनाची होती, हे मान्य. पण शिमग्यालाही मांडला असता तरी हेच ऐकावे लागले असते. आपल्याकडे धोक्याबद्दल बोलायला मुहूर्त असा नसतोच. शेवटी सात सह्या झाल्या. अर्ज दिला. संबंधित कचेरीतून पोच आली, उत्तर आले नाही. २३ मे २०२४ ला वसाहतीत पुन्हा मोठा स्फोट झाला, त्यानंतर मात्र दुसऱ्या अर्जावर एकतीस सह्या झाल्या. प्रश्न विचारणारे आमचे स्नेही एकतिसावे.

तुम्ही भोपाळला जाल तेव्हा घर उघडे आहे की नाही याची आधी चौकशी करून जा. सरकार आणि कंपन्यांच्या पैशाशिवाय चालवायचे म्हणजे अशा घराचे दिवस सुखाचे नसतात. बाहेर पडताना पेटीत काही टाका. आणि मुलांना बरोबर न्या. रिसीव्हर त्यांच्या हातात द्या आणि मध्ये मध्ये बोलू नका.

आमच्या स्वयंपाकघरात नळाजवळच्या खिळ्याला तेव्हापासून सुती फडक्यांची एक चवड टांगलेली असते. वर कन्येच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी : "आधी ओलं करा." यंदाच्या साफसफाईत सौभाग्यवतींनी ती चवड काढली, धुतली, उन्हात वाळवली आणि आकाशकंदील लावायच्या आधी पुन्हा त्याच खिळ्याला अडकवली. चिठ्ठी मात्र नवी लिहावी लागली. जुनीवरची शाई तेलाच्या हाताने पुसट झाली होती.